लाल जिल्दीची प्रत

चांगल्या माणसांबद्दल लिहायचं तर त्यात कुणाचं काय बिघडणार, असं मला वाटलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

पुस्तक लहानसंच होतं. अकरा प्रकरणं, अकरा माणसं. न मागता, ओळखपाळख नसताना ज्यांनी माझ्यासाठी काही केलं, अशी. मॅट्रिकच्या पेपराला आपला पेन मला देऊन स्वतः शिसपेन्सिलीने लिहीत बसलेली मुलगी. सेलूच्या स्टँडवरून भर उन्हात माझी ट्रंक डोक्यावर घेऊन निघालेला आणि शेवटपर्यंत एक शब्द न बोललेला जिनिंगमधला हमाल. अशी साधी माणसं. कुणाचंही नाव घातलं नव्हतं. मधे मधे दया आणि कृतज्ञता यांवर उपदेशाचे चार शब्दही होते. मी सव्वीस वर्षांची होते आणि मास्तरीण होते, तेव्हा उपदेश केल्याशिवाय माझा हात थांबत नसे. परभणीच्या एका छापखान्याने दोनशे प्रती काढून दिल्या. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती.

आम्ही बौद्ध. मी सात वर्षांची असताना बाबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. त्याच साली त्यांनी गाव सोडलं, पाटलाच्या शेतावरची सालदारी सोडली आणि चुडाव्याला येऊन रेल्वेत गँगमन म्हणून लागले. पुस्तक निघालं तेव्हा आई जाऊन चार वर्षं झाली होती, भाऊ नोकरीला नांदेडला होता, घरात मी आणि बाबा. मी रोज सकाळी गाडीने पूर्णेला जायची आणि तिथून एस.टी.ने शाळेच्या गावाला. बाबांना सही करण्यापुरती अक्षरं येत होती. वाचता येत नव्हतं.

मला एकच हवं होतं. बाबांनी ऐकावं आणि बरं लिहिलंस म्हणावं. बाकीच्यांनी काय म्हटलं असतं तरी मी ते झेललं असतं, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

पहिल्या रविवारी सकाळीच मी त्यांना लिंबाखाली बाजेवर बसवलं आणि वाचायला घेतलं. सुरुवातीची पानं भराभर उलटून टाकली, पहिली चार प्रकरणंही ओलांडली. मला घाई होती ती पाचव्या प्रकरणाची, बैलगाडीच्या. ते आमच्या दोघांचं होतं. मी सहा वर्षांची, पावसाळ्याचे दिवस, आई बाळंतपणाला माहेरी. मला असा ताप भरला की मान धरता येईना. बाबांच्या पायात बाभळीचा काटा मोडून पाय सुजलेला, मला उचलून दोन कोस काळा चिखल तुडवणं त्यांना शक्य नव्हतं. वस्तीतली हातपाय चालणारी सगळी माणसं खुरपणीला गेलेली. गाडी होती ती पाटलाकडे, आणि पाटील परगावी. तेव्हा पाटलीणबाईंनी गाडी जुंपायला लावली, आपल्या लेकीची गोधडी माझ्यावर घातली, स्वतः गाडीत बसल्या आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. आमच्या वस्तीतल्या पोरीचं डोकं, त्या काळात. मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं: कपाळावरचा त्यांचा गार हात आणि बांगड्यांचा आवाज. पूर्णेच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत तो हात कपाळावरून हलला नाही. गोधडीही त्यांनी परत घेतली नाही, ती अजून माझ्या अंथरुणावर आहे. जीव वाचला. डावा कान तेवढा तापात गेला. थोडं आधी आणलं असतं तर कान राहिला असता असं डॉक्टर म्हणाला होता. बाबांच्या पायामुळे निघायला उशीर झाला, असं आई सांगायची, आणि मीही तसंच लिहिलं होतं. प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं: त्या दिवशी ती माउली देवासारखी धावून आली.

हे वाक्य वाचून मी वर बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"धावून आली मनतीस?" ते म्हणाले.

मग उठले, पायात चपला अडकवल्या आणि रविवार असूनही लाइनीकडे चालायला लागले. दुपारी जेवायला आले ते पुस्तकाबद्दल अवाक्षर न काढता. पुढे मी दोन वेळा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी बैलांचं, पावसाचं, साहेबाचं काहीतरी बोलून तो उडवून लावला.

मला वाटलं, मला कळलं. ज्या माणसाने देव नदीत सोडले त्याच्या घरात मी छापील देव आणून ठेवला होता. स्वतःचा राग आला, त्यांचाही आला. एक शब्द तो, भाषेतला, सगळेच वापरतात. एवढ्यासाठी उठून जायचं? मग उरलेल्या प्रतींपैकी एक घेऊन मी त्यातला 'देवासारखी' हा शब्द शाईने खोडला, चांगला दोनदा रेघ ओढून. आता वाक्य असं झालं की ती माउली धावून आली. बाबांना दाखवणार कसं, हा प्रश्न होताच. ते ऐकायलाच तयार नव्हते.

दरम्यान पुस्तक बाहेर फिरायला लागलं होतं आणि मला घरात, शाळेत, गाडीत कुठेच स्वस्थता नव्हती. पोस्टमन दिसला की मी वर्ग सोडून दारात. पत्रं यायचीही, आणि वाचून अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमचे हेडमास्तर भला माणूस. त्यांनी पुस्तक एका बैठकीत वाचलं आणि डोळे पुसत सांगितलं की हे सगळे पूर्वजन्मीचे ऋणानुबंध आहेत, आणि बाई, हे तुम्ही लिहिलेलं नाही, तुमच्याकडून लिहवून घेतलंय. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या मी घामाघूम होऊन लिहीत बसले, आणि लिहवून घेणारा तिसराच. सेलूहून कुणा निवृत्त गृहस्थांचं कार्ड आलं की पुस्तक उत्तम आहे, फक्त अकरा प्रकरणांत नामस्मरणाचा कुठे उल्लेख नाही, तेवढी उणीव पुढच्या आवृत्तीत भरून काढावी. पूर्णेच्या बाजारात एक जिल्दसाज होता, शाळेची हजेरीपुस्तकं मी त्याच्याकडे बांधायला टाकायची. त्याने पुस्तक मुलीकडून वाचून घेतलं आणि मला सांगितलं की ही शुक्राची, म्हणजे उपकार मानण्याची, किताब आहे. जो माणसांचे उपकार मानत नाही तो अल्लाचे काय मानणार, असं त्यांच्यात म्हणतात. असं म्हणून त्याने माझ्या हातातली, खोडलेल्या शब्दाची ती प्रत काढून घेतली आणि चार दिवसांनी लाल कापडाच्या जाड जिल्दीत बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. एवढी देखणी झाली ती प्रत की मला ती शाळेच्या पिशवीत ठेवायचा जीव होईना.

आणि आमचा क्लार्क. पूर्णेच्या रेल्वे ऑफिसात होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, चुडाव्याच्या आमच्या विहारात वाचन, वंदना, सभा सगळं तोच बघायचा. त्याने पुस्तकात पेन्सिलीने खुणा करून आणल्या. त्याचं म्हणणं, करुणा ठीक आहे, ती आपलीच आहे. पण कृतज्ञता कुणाची?

"ताई, गाडी त्यांची व्हती, पण सालभर राबणारे हात कुणाचे व्हते?" तो म्हणाला. "तुमी वाकून लिव्हलंय."

मी त्याच्याशी तासभर भांडले. वाकून नाही, मनातून लिहिलंय म्हणाले. घरी जाताना मात्र त्याचा शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला.

मला एका गोष्टीची खरी चीड होती. जो तो पुस्तक उचलून आपापल्या घरी नेत होता, आपापल्या कोनाड्यात ठेवत होता. पण एकानेही विचारलं नाही की तो हमाल पुढे कुठे गेला, ती पेन देणारी मुलगी पास झाली का.

श्रावण लागायच्या सुमाराला प्रती संपल्या. लाल जिल्दीची तेवढी राहिली, आणि महिना सरत आला तेव्हा नेमकी तीच हेडमास्तरांनी मागितली. त्यांच्या गावी मारुतीच्या देवळात श्रावणात दुपारची पोथी लागते आणि ती वाचतात ते स्वतःच. यंदा पोथी आठ दिवस आधी संपतेय, तर उरलेल्या दिवसांत तुमचं पुस्तक वाचतो, म्हणाले. मग हळूच म्हणाले, तुमची ती गाडीवाली पाटलीणबाई आमच्याच गावची, नाही का? मी नाव घातलं नव्हतं, पण गाव ओळखायला नावं लागत नाहीत. हेडमास्तरांचं गाव म्हणजे आम्ही सोडलेलं गाव.

पुढे त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की वाचताना लेखिकेचं नाव काही घेणार नाही, उगाच कुणी काही बोलायला नको. काय बोलेल आणि का, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण ज्या देवळाच्या पायरीवर बाबांना कधी चढू दिलं नाही, तिथे माझं लिहिलेलं वाचलं जाणार, या कल्पनेने मी अशी फुगले की नावावाचून वाचा, पण वाचा, असं म्हणून मोकळी झाले. कोल्हा काकडीला राजी.

आठवड्याने क्लार्क घरी आला. आमचाही वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने, चालू होता. विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की नेहमीच्या ग्रंथाचं वाचन व्हायचं. त्यानंतर अर्धा तास माझं पुस्तक ठेवू, असं त्याने मंडळींकडून ठरवून आणलं होतं. अट एकच: तो देव काढायचा. मी म्हटलं, खोडलाय, कधीचाच. तो हसला, मीही हसले. बाबा दारात बसून ऐकत होते. रविवारी येणार का, असं क्लार्कने त्यांना विचारलं, तर म्हणाले, विहारात तर येतोच की मी दर रविवारी. मला तेवढंही पुरे होतं. तिथून तरी ते उठून जाणार नाहीत.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी प्रत आणायला गेले. हेडमास्तर म्हणाले, आदल्या दिवशी समाप्ती झाली आणि बायकांनी पुस्तक मानाने पाटलीणबाईंच्या घरी ठेवलंय, तिथूनच घ्या. एकोणीस वर्षांनी मी त्या गावात पाऊल टाकत होते. पाटील वारले होते, मुलं परभणीला, घरात त्या आणि एक कामवाली. चांगल्याच थकल्या होत्या. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, चहा दिला, त्यांच्या कपासारख्याच कपात. हे मी बघून घेतलं. खोटं कशाला सांगू, अशा वेळी आमची नजर आधी कपाकडे जाते.

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. हे मला विचित्र वाटलं. मग आतून लाल बासनात बांधलेलं पुस्तक आणून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि हात न काढता विचारलं, तुझ्या बापानं ऐकलं का हे? मी ऐकलं म्हणाले. काय म्हणाला, त्यांनी विचारलं. काहीच नाही, मी म्हटलं. त्या उभ्या राहिल्या तशाच, मग आत गेल्या आणि परत बाहेर आल्या नाहीत. माझी एस.टी. निघायला दहा मिनिटं होती. मी बासन तसंच पिशवीत घातलं आणि स्टँडकडे पळाले. घरी येऊनही उघडलं नाही. पोथी बासनात बांधतात तसं बांधून दिलं होतं, गाठ चांगली बसली होती, सकाळी सोडू म्हटलं.

सकाळी गाठ क्लार्कने सोडली. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली. पुढे टेबलावर पांढरंशुभ्र कापड, त्यावर मूर्ती, मेणबत्त्या, उदबत्त्या. पन्नासेक माणसं बसलेली, बायका उजवीकडे, बाबा पुरुषांच्या शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून. क्लार्कने माझ्याबद्दल चार कौतुकाचे शब्द बोलून बासन त्या टेबलावर ठेवलं आणि सोडलं. पुस्तक उघडलं तशा आतून अक्षता सांडल्या पांढऱ्या कापडावर. तुळशीची वाळलेली पानं पडली. जिल्दीवर हळदीकुंकवाची बोटं, पहिल्या पानांवर कुंकू उतरलेलं. समाप्तीला पोथीची पूजा करतात, नारळ फोडतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याच आजीने प्रसादासाठी हातात परात धरून लांबून बघितलेलं. पण माझ्या पुस्तकाची कुणी पूजा करील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सगळे एकदम बोलायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने तोंडावर पदर घेतला. कुणी म्हणालं, ताईंनी मुद्दाम आणलं असेल. कुणी म्हणालं, बाहेर नेऊन ठेवा ते. क्लार्कचा चेहरा पडला होता. तो माझ्याकडे बघेना. हे इथं वाचता येणार नाही, एवढंच तो म्हणाला. सांगणार तरी काय? ज्या देवळात माझं नाव घ्यायची सोय नव्हती तिथे पुस्तकाला कुंकू लागलं होतं, आणि जिथे माझं नाव घेतलं जात होतं तिथून पुस्तक बाहेर चाललं होतं.

तेवढ्यात बाबा उठले. लोकांतून वाट काढत टेबलापाशी आले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, अक्षता आणि तुळशीची पानं त्यात गोळा केली, जिल्द पुसली, आणि पुस्तक क्लार्कच्या हातात दिलं. पुस्तकाला त्यांनी हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

"वाचा," ते म्हणाले. "गाडीचं तेवढं वाचू नका."

मग जाऊन परत भिंतीला टेकून बसले. क्लार्कने सेलूच्या हमालाचं प्रकरण वाचलं. लोकांनी ऐकलं, शेवटी दोघीतिघींनी डोळे पुसले. वाचून झाल्यावर क्लार्कने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की बघा, न शिकलेल्या माणसाला कळतं कुठं देव घुसलाय ते. पण मी बाबांकडे बघत होते आणि मला पहिल्यांदा शंका आली. तो शब्द मी खोडलाय हे त्यांनी ऐकलं होतं, त्यांच्या देखतच बोलणं झालं होतं. मग आता काय राहिलं होतं त्या प्रकरणात?

आठवडा कसा गेला विचारू नका. मुलांच्या वह्या तपासताना एकाला दोनदा मार्क दिले, एकाला दिलेच नाहीत. पाटलीणबाईंनी मागे घेतलेले पाय डोळ्यांपुढून हलेनात. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी सरळ त्या गावची एस.टी. धरली.

त्या ओसरीवरच बसल्या होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. कामवालीला त्यांनी काहीतरी कामाला पिटाळलं आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. माझा चांगला कान कोणता हे त्यांना माहीत होतं. बाबांनी प्रकरण वाचू दिलं नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"लेकी, मी धावून आले न्हाई," त्या म्हणाल्या. "तुजा बाप दुपारीच आला व्हता, तुला घेऊन. मी मनलं, बैल आत्ताच सोडल्यात. मनलं, देवाचं नाव घे, देव राखंल. आन दार लावलं."

बाबा गेले नाहीत. दारासमोर मला मांडीवर घेऊन बसले, पावसात, अंगावरचं पोतं माझ्यावर टाकून. मधे एकदा त्यांनी मुंडासं काढून उंबऱ्यावर ठेवलं आणि डोकं टेकलं, ते पाटलीणबाईंनी खिडकीच्या फटीतून बघितलं. तरी दार उघडलं नाही.

"तू कण्हायलीस ते आत ऐकू यायलं," त्या म्हणाल्या. "दिवस कलला तवा आवाज बंद झाला. मला वाटलं गेलं लेकरू, माझ्या दारात गेलं. तवा उघडलं. भेवानं उघडलं, दयेनं न्हाई."

मी विचारलं, आणि तो हात? माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

तो हात खरा आहे, त्या म्हणाल्या. गाडीत बसल्यावर त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. पण घरी परत आल्यावर त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. आणि गोधडी राहू दे तिच्याकडे म्हणाल्या ते मायेने नव्हे, ती परत घरात नको होती म्हणून. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. समाप्तीला गावातल्या बायकांनी त्यांच्या पायाला हात लावला, त्यांची ओटी भरली, तेव्हापासून घास गिळवत नाही, तेवढं म्हणाल्या. पुस्तकात हे सगळं खरं खरं घाल, म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या आता नाहीत, बाबाही नाहीत, म्हणून आज घालते आहे.

निघताना मी त्यांच्या पाया पडले नाही. हात मात्र हातात घेतला. का घेतला हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आताही येत नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तो हात अजून तसाच गार होता.

परतीच्या वाटेवर एकच गोष्ट मनात येत होती. बाबांच्या पायामुळे उशीर झाला, हे मी छापून दोनशे घरांत पोचवलं होतं. माझा कान गेला त्याचा दोष मी बाबांच्या पायावर ठेवला होता, आणि शेजारीच उपकार कुणाचे मानावेत यावर उपदेश केला होता. देव राहावा की जावा यावर आम्ही सगळे भांडत बसलो. खोटा शब्द त्याच्या शेजारीच होता, आणि मी तो पुसून लख्ख करून ठेवला होता. खरं तर बाबांनी तो पहिल्याच दिवशी उच्चारला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. विहारातून आल्यावर बाबा लिंबाखाली बसून तुटलेल्या चपलेला टाका घालत होते. मी समोर जाऊन बसले आणि सरळच म्हटलं, बाबा, तुम्ही दुपारपासून दिवस कलेपर्यंत तिच्या दारात बसला होतात.

त्यांची आरी थांबली. "कुणी सांगितलं?"

तिनेच, मी म्हटलं.

"तिनं सांगितलं व्हय," ते म्हणाले. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. पण चेहऱ्यावर राग नव्हता, कुणीतरी वीस वर्षांनी बोलावं आणि ते ऐकून बरं वाटावं, तसं काहीतरी होतं. मग मीच चिडले. का नाही सांगितलंत म्हटलं, आईलासुद्धा पायाचं सांगितलंत, मी ते लिहिलं, तुम्ही ऐकून उठून गेलात, पण खोटं आहे असं म्हणाला नाहीत. मी चिडून बोलत होते आणि रडतही होते.

"तू तापातून उठलीस तवापासून त्या हाताचंच सांगायचीस," बाबा म्हणाले. "तिचा हात गार व्हता बाबा, मनायचीस. दिवसातून दहादा. मला वाटलं, त्या गावातून ह्या लेकराला तेवढंच चांगलं मिळालंय. ते कामून काढून घ्यावं?"

त्यांनी दोऱ्याला मेण लावलं. ती आहे तोवर हे कुठं छापू नको, म्हणाले. या वयात तिला गावाच्या तोंडी कशाला द्यायची. आणि मी आहे तोवरही नको. मी बरं म्हणाले.

मग चपलेवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "अकरा मान्सं हायती मनतेत सगळे. मी हाय का त्यात?"

आहात की, मी म्हटलं. पहिल्याच पानावर. पुस्तक तुम्हालाच अर्पण केलंय. पहिल्या दिवशी घाईत उलटून टाकलेलं ते पान.

"मंग वाच की."

मी आतून लाल जिल्दीची प्रत आणली. अर्पणपत्रिकेच्या पानावर कुंकवाचा डाग उतरला होता. मी वाचलं: बाबांस.

ते मान खाली घालून ऐकत राहिले, पुढचं येईल म्हणून. मी पानाकडे बघत होते. त्या पानावर दुसरं काही नव्हतं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, आपलं ऐकायचं राहिलं का काही, अशा आवाजात. आणि मग पुन्हा चपलेला टाका घालायला घेतला.